भिरंडाच्या रंगाची भिंत: गोव्यातल्या घरात गडद बरगंडी कसा लावावा

भिरंडाचं, म्हणजे कोकमाचं, आगळ काचेच्या पेल्यात ओता, त्यात थोडं पाणी घाला आणि पेला खिडकीशी धरा. दिसतो तो रंग बरगंडीच्या अगदी जवळचा. नाव फ्रान्समधल्या एका प्रांताच्या वाईनवरून आलं असलं, तरी हा रंग आपल्या स्वयंपाकघरात कायमचाच आहे. दुकानातल्या शेड कार्डवर तो मरून आणि वाईनच्या शेजारी सापडतो. मरून तपकिरीकडे झुकतो, बरगंडीत जांभळ्याची झाक असते. हा फरक पुढे कामाला येईल.

मला हा रंग फार आवडतो. पितळेची समई, शिसवी मंचक, शिंपल्याच्या जुन्या खिडकीतून येणारा दुधट उजेड, हे सगळं त्याच्यासमोर उठून दिसतं. पण गोव्यात तो लावायचा तर आधी ओलीशी हिशेब मिटवावा लागतो. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्याचा चिरा पाणी शोषून घेतो. पांढऱ्या भिंतीवर खार, म्हणजे ओलीबरोबर वर येणारी क्षारांची पांढरी पूड, फुटला तर महिनोन् महिने लक्षात येत नाही, बरगंडीवर मात्र तो दारातूनच दिसतो.

चवथीआधी नको, दिवाळीनंतर

आपल्याकडे घराला रंग म्हणजे गणेश चवथीच्या तोंडावर. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या आधी भिंती स्वच्छ हव्यात ही भावना मी समजू शकते, आमच्या घरीही तेच चालत आलंय. पण श्रावणात भिंत आतून ओलीच असते. आम्ही बैठकीची भिंत पहिल्यांदा रंगवली ती अशीच, ऐन पावसात. रंगाऱ्याने ओलीवरच लांबी (पुट्टी) भरली आणि वरून बरगंडीचे दोन हात मारले. चवथीला भिंत सुंदर दिसली. दिवाळीला कंदील लावायला शिडीवर चढले तेव्हा खिडकीखाली पांढरी पूड दिसली, बोटाने पुसली तर रंगासकट पोपडा हातात आला. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गडद रंग दिवाळीनंतर, फार तर शिगम्यापर्यंत. चवथीला हवी तर छताला आणि वसरीला पांढरी सफेदी करा.

भिंत कोणती घ्यायची

एकच घ्या. चारही भिंती बरगंडी केल्या तर आपल्या जाड भिंतींच्या, लहान खिडक्यांच्या खोल्यांत दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. शक्यतो आतली आडभिंत निवडा, जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत. पश्चिमेची, पावसाची झड खाणारी भिंत या रंगाला देऊ नका. न्हाणीघराला चिकटलेली तर नकोच. दिवसभर थेट ऊन पडणारी भिंतही टाळा, कारण लाल-जांभळी रंगद्रव्यं उन्हात लवकर विटतात.

फोंडा किंवा डिचोली भागातल्या जुन्या घरांत राजांगणाकडे, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकाकडे, तोंड असलेली भिंत या रंगाला फार शोभते. उजेड भरपूर, पण वरून येणारा, मऊ.

घर जुनं असेल, चिऱ्याचं आणि चुन्याच्या गिलाव्याचं, तर थोडं थांबा. तशा भिंती ओल आत घेतात आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतात. त्यांच्यावर लांबी आणि प्लास्टिक इमल्शनचा थर चढवला की ती वाट बंद होते आणि गिलावा सुटायला लागतो. चुन्यातच रंग कालवून बरगंडी मिळवू म्हणाल, तर तेही जमत नाही. चुना मुळात पांढरा, त्यामुळे कितीही रंग घातला तरी भिंत गुलाबटच दिसते. अशा घरात चुन्याच्या भिंती चुन्याच्याच ठेवाव्यात आणि बरगंडी दारं, कपाटं किंवा नंतर बांधलेल्या सिमेंटच्या आडभिंतीवर आणावा, असं मी सुचवेन.

प्लास्टिकची परीक्षा

हातभर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. जमिनीपासून फूटभर उंचीवर तो भिंतीला लावा आणि चारही कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवस हात लावू नका. मग प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, किंवा तिथली भिंत आजूबाजूपेक्षा काळवंडली, तर ओल भिंतीतून येतेय. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. हीच परीक्षा खिडकीखाली आणि कोपऱ्यातही करा.

ओल निघाली तर आतून वॉटरप्रूफचा थर मारून घ्या असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. पाणी दुसरीकडून वाट काढतं. कारण बाहेर शोधा: पागोळ्यांचं पाणी पायथ्याशी उडतंय का, अंगणाची माती भिंतीला टेकून वर चढलीय का, पन्हळ फुटलीय का. ते दुरुस्त करून भिंतीला एक उन्हाळा सुकू द्या. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा.

घासणी आणि लांबी

जुने पोपडे पत्र्याने खरवडा. जुनी चुन्याची सफेदी किंवा डिस्टेंपर असेल तर ते पूर्ण काढावं लागतं, नाहीतर नवा रंग त्या भुकटीवरच बसतो आणि तिच्याबरोबरच उतरतो. खार फुटला असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. लगेच पाणी मारलं तर तो विरघळून पुन्हा आत जातो. दारं-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दशलक्ष भागांत ९०) आणलं, पण तुमच्या दारावरचा थर त्याआधीचाही असेल. तिथे वॉटर पेपर आणि पाणी वापरा, तोंडाला मास्क बांधा आणि मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

नंतर लांबीचे दोन पातळ हात मारा आणि पॉलिश पेपरने घासा. रात्री भिंतीला लागून टॉर्च तिरका धरा. जे खड्डे आणि रेघा दिवसा दिसत नाहीत, त्या सगळ्या उजेडात येतात. गडद रंग त्या झाकत नाही, उलट दाखवतो.

प्रायमर करडा घ्या

सगळ्या कामात याच एका गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडतो आणि नेमकी हीच वगळली जाते. बरगंडी तयार होतो तो डीप बेसमध्ये, म्हणजे गडद शेडसाठीच्या मूळ रंगात. त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून तो ओला असताना पारदर्शक वाटतो आणि खालचा पांढरा प्रायमर डोकावत राहतो. चार हात मारले तरी भिंत गुलाबी-डागाळ दिसते. दुकानदाराला सांगून प्रायमरमध्येच मध्यम करडी छटा घालून घ्या. मग तीन हातांत रंग भरतो.

किती रंग आणायचा? १२ फूट रुंद, १० फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. एका लिटरमध्ये एक हात साधारण १०० ते १२० चौरस फूट होतो. तीन हातांना साडेतीन लिटर धरा आणि ४ लिटर एकदमच आणा. डबे वेगवेगळे असतील तर एका बादलीत एकत्र कालवा. मशीनवर केलेल्या रंगातही एका डब्यात आणि दुसऱ्यात बारीक फरक पडतो आणि भिंतीच्या मधोमध तो रेघेसारखा दिसतो.

चकाकी मॅटची किंवा हलक्या शीनची ठेवा. ग्लॉसमध्ये प्रत्येक उंचवटा चमकतो.

रंग लावताना

आधी जाड पुठ्ठ्यावर दोन फुटांचा नमुना करा, सुकू द्या आणि सकाळी, दुपारी, दिव्याच्या उजेडात भिंतीला लावून बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली बरगंडी वांग्यासारखा निळसर होतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा त्याला परत लाल करतो. जमीन रेड ऑक्साइडच्या लाल कोब्याची असेल तर जांभळट शेड घेऊ नका, दोन्ही एकमेकांशी भांडतात. तिथे थोडा तपकिरीकडचा घ्या.

छत आणि स्कर्टिंगच्या कडांना मास्किंग टेप लावा. दोन इंची ब्रशने कडा काढायच्या आणि त्या ओल्या असतानाच रोलरने आतला भाग भरायचा. कडा सुकल्या तर भोवती चौकट उमटते. एक माणूस कडा, दुसरा रोलर, हे उत्तम. रोलर वरून खाली, दीड-दोन फुटांचे पट्टे, आणि अर्धी भिंत सोडून जेवायला उठायचं नाही. दोन हातांच्या मध्ये थांबायला डब्यावर चार तास लिहिले असतील तर किनारपट्टीवर सहा धरा. शेवटचा हात थोडा ओला असतानाच टेप सावकाश, तिरपी ओढून काढा.

भोवती काय ठेवायचं

बाकी खोली हलकी हवी: चुन्यासारखा पांढरा, किंवा किंचित पिवळसर. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांमधून फिरलात तर गडद भिंतीला पांढऱ्या कडा कशा उठाव देतात ते कळेल, तेच आत करा. फणसाच्या किंवा सागवानी लाकडाचं फर्निचर, पितळ, आणि लाल चौकड्यांचं कुणबी कापड उशांना. चंदेरी स्टील मात्र या भिंतीशेजारी थंड वाटतं. तसबिरी कमी लावा, खिळा काढला की लांबीचा पांढरा ठिपका राहतो.

त्यासाठीच उरलेला रंग काचेच्या बरणीत गच्च बंद करून ठेवा, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहा. पहिल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा भिंतीच्या पायथ्याशी हात फिरवून बघा, विशेषतः कपाटामागे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंत तर मागून हवा खेळती राहते.