जाळ्यापासून नव्या पृथ्वीपर्यंत: वीस मिनिटांचा सराव

परमेश्वराच्या ठायी आनंद कर, असं स्तोत्र ३७:४ सांगतं. पण मन कोरडं असताना तो करायचा कसा, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यासाठी हा सराव. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी वीस मिनिटं. वही, पेन आणि पवित्र शास्त्र जवळ घ्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पाहण्यासाठी मोठा देखावा निवडू नका. सूर्यास्त पाहून मन भरून येतं, फोटो निघतो आणि विषय संपतो. लहान वस्तू घ्या: पान, मुंगी, कोळ्याचं जाळं. पहिली दहा मिनिटं प्रार्थनासुद्धा नको, नुसतं पाहायचं. रानातली फुलं कशी वाढतात ते लक्षात घ्या, ही येशूचीच आज्ञा आहे (मत्तय ६:२८), आणि ती आपण सर्रास वगळतो. वहीत पाच निरीक्षणं लिहा, 'सुंदर' आणि 'अद्भुत' हे शब्द न वापरता.

समजा, समोर चाकासारखं गोल जाळं आहे. मधून बाहेर जाणारे आरे कोरडे असतात; बऱ्याच जाळ्यांत त्यांवरून गोल फिरत जाणाऱ्या सर्पिल धाग्यावर मात्र डिंकाचे बारीक थेंब असतात. तिरक्या उजेडात ते मण्यांसारखे दिसतात. भक्ष्य त्याला चिकटतं, कोळी सहसा कोरड्या धाग्यांवरून ये-जा करतो.

आता पाच मिनिटं देवाशी बोला, त्याला 'तू' म्हणून. 'देव महान आहे' एवढ्यावर भागवू नका. 'प्रभू, एकाच जाळ्यात दोन प्रकारचे धागे, हे तुला सुचलं' असं नेमकं बोला. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. कोळ्याकडून चिकाटी शिकावी, असा बोध लगेच काढला जातो आणि लक्ष देवावरून पुन्हा स्वतःवर येतं. बोध नंतर काढता येईल. याच्या उलट चूक म्हणजे वस्तूतच रमून निर्माणकर्त्याला विसरणं. रोमकरांस १:२५ मधला इशारा तोच आहे. मात्र त्या भीतीने आनंद आखडू नका. देवाने निर्माण केलेलं सर्व चांगलं आहे, ते उपकारस्तुती करून घ्यावं (१ तीमथ्य ४:४).

जाळ्यात माशी तडफडत असेल तर नजर वळवू नका. स्तोत्र १०४:२१ मध्ये सिंहाचे छावेसुद्धा देवाजवळ अन्न मागतात, आणि रोमकरांस ८:२२ म्हणतं की सगळी सृष्टी कण्हत आहे. ते कण्हणं या पत्राचा लेखक पौल प्रसूतीच्या वेणांसारखं मानतो, मरणाच्या घरघरीसारखं नव्हे. वेणांनंतर नवं काही जन्माला येतं; शेवटची पाच मिनिटं याच आशेसाठी. रोमकरांस ८:१९–२२ आणि प्रकटीकरण २१:१–५ मोठ्याने वाचा.

ढगांवर बसून अखंड गाणी, एवढंच स्वर्गाचं चित्र डोक्यात असेल तर ओढ वाटणार नाही, आणि त्यात नवल नाही. प्रकटीकरणात नवी पृथ्वी दिसते, पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते आणि देव माणसांबरोबर वस्ती करतो. पुनरुत्थित येशूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक २४:४२–४३). म्हणजे ही आशा सृष्टी आणि शरीर सोडून जाण्याची नाही. म्हणून वहीत एक वाक्य लिहा: आज पाहिलेल्यातलं काय नाशाच्या दास्यातून सुटावं असं वाटतं? हेच जाळं तिथे असेल का, या तर्कात शिरू नका. शास्त्र ते सांगत नाही. २ पेत्र ३:१० वरून जुनी सृष्टी नाहीशी होईल की शुद्ध होईल, याबद्दल विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत. सराव दोन्ही बाजूंना चालतो.

कधी काहीच जाणवणार नाही. भावना ओढून आणू नका. निरीक्षणं लिहा, आभार माना आणि उठा. शोकाच्या दिवसांत वेळ पाच मिनिटांवर आणा आणि ईयोब ३८–४१ मधला एखादा तुकडा वाचा. तिथे देव ईयोबाच्या दुःखाचं कारण सांगत नाही. रानबकरी केव्हा विते, हे तुला ठाऊक आहे का, असं विचारतो. दुखावलेल्या माणसाला हे आधी बोचतं. बोचलं तर तेही देवाला सांगा, ईयोबानेही त्याआधी आपली तक्रार देवाला सांगितली होती.

पुढच्या वेळी नवी वस्तू शोधत बसू नका. निदान चार वेळा तीच पाहा, आणि दरवेळी जुनी निरीक्षणं न वाचता नवी पाच लिहा.