ऑल्ड अलायन्सवर प्रबंध करायचाय? आधी वर्ष कधी सुरू होतं ते बघा

स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिच्यावरची एखादी मालिका बघून ऑल्ड अलायन्सकडे, म्हणजे स्कॉटलंड आणि फ्रान्सच्या इंग्लंडविरुद्धच्या जुन्या युतीकडे, वळला असाल तर लाजू नका, बरेच जण तसेच येतात. पण प्रस्तावात तिचं नाव टाकण्याआधी हे वाचा. माझा प्रबंध अजून संपलेला नाही. त्यामुळे यशस्वी माणसाचा सल्ला वगैरे इथे मिळणार नाही, ताज्या जखमा मिळतील.

१२९५ चा पॅरिसचा तह, १३२६ चा कोर्बेयचा तह, १५४८ चा हॅडिंग्टनचा तह आणि १५६० चा एडिंबरा तह तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालते. एवढंच सांगते, की अडीचशे वर्षांची अखंड मैत्री असं काही नव्हतं. गरज पडली की तह नव्याने व्हायचा, गरज सरली की कपाटात जायचा. पहिल्याच तहात स्कॉटलंडच्या गळ्यात जबाबदाऱ्या जास्त होत्या. मार्च १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडचं बेरिक शहर लुटलं, जुलैपर्यंत स्कॉटलंडचा राजा जॉन बेलिओल याचा मुकुटही गेला आणि फ्रान्सकडून मदत काही आली नाही. प्रस्तावात 'ऐतिहासिक मैत्रीबंध' असा शब्द असेल तर आत्ताच खोडा.

आता तारखांकडे येते. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

१६०० पर्यंत स्कॉटलंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. फ्रान्सच्या राजदरबारी कागदांत ते ईस्टरला बदलायचं, आणि ईस्टर दरवर्षी हलतो. १५६४ मध्ये रूसियों गावी निघालेल्या राजाज्ञेने फ्रान्सने १ जानेवारी धरायचं ठरवलं, पण अंमल बसायला १५६७ उजाडलं. म्हणजे ज्या काळावर तुम्ही काम करणार, त्या जवळजवळ सगळ्या काळात जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग आपल्या हिशेबाने एक वर्ष मागे लिहिलेला सापडेल. शिवाय २५ मार्च आणि ईस्टर यांच्या मधल्या दिवसांत दोन्ही दरबारांची वर्षंच वेगळी असतील. आपल्याकडे शक चैत्र पाडव्याला बदलतो आणि गुजराती व्यापाऱ्याच्या वहीतला संवत दिवाळीच्या पाडव्याला. दोघांची पत्रं एकाच फाइलीत लावायची वेळ आली तर काय होईल, तसंच हे आहे.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून उदाहरणं देते.

स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याचं फ्रान्सच्या राजकन्येशी, मादलेनशी, पॅरिसच्या नोत्र दाममध्ये १ जानेवारीला लग्न झालं. त्या काळच्या कागदात वर्ष १५३६, आपल्या हिशेबाने १५३७. ती एडिंबराच्या होलीरूड राजवाड्यात ७ जुलै १५३७ रोजी वारली. कागदावरचं वर्ष जसंच्या तसं उचललंत तर हा संसार दीड वर्षाचा होतो. खरा तो जेमतेम सहा महिन्यांचा होता. राणीचा दरबारावर काय प्रभाव पडला यावर तुम्ही प्रकरण लिहिणार असाल, तर या फरकाने प्रकरणच्या प्रकरण वाहून जातं.

याहून वाईट उदाहरण १५५८ चं. ४ एप्रिलला फोंतेनब्लोमध्ये पंधरा वर्षांच्या मेरीने तीन गुप्त कागदांवर सह्या केल्या. आपण निपुत्रिक मेलो तर स्कॉटलंड फ्रान्सच्या राजाला मिळावं, हा त्यांचा गाभा. २४ एप्रिलला तिचं युवराज फ्रान्स्वाशी लग्न झालं, आणि जाहीर करारात मात्र स्कॉटलंडचं स्वातंत्र्य जपण्याची वचनं होती. त्या वर्षी ईस्टर होता १० एप्रिलला. म्हणजे फ्रेंच गणतीने गुप्त कागद १५५७ चे आणि लग्न १५५८ चं! वीस दिवसांचं अंतर कागदावर एका वर्षाचं दिसतं. लग्नाची बोलणी करायला स्कॉटिश संसदेने प्रतिनिधी नेमले डिसेंबर १५५७ मध्ये. तुम्ही ४ एप्रिल १५५७ असं वाचलंत तर कागद बोलण्यांच्याही आधीचे ठरतात, आणि 'गीझ घराण्याने (मेरीच्या आईच्या फ्रेंच माहेराने) वर्षभर आधीच सगळं शिजवून ठेवलं होतं' असा झकास सिद्धांत तयार होतो. झकास आणि साफ खोटा.

मग प्रत्येक तारखेत एक मिळवायचं का? नाही! खरी मेख इथेच आहे. तुम्ही बहुतेक वेळा मूळ कागद वाचत नाही, एकोणिसाव्या शतकात छापलेले संग्रह वाचता. त्या संपादकांपैकी काहींनी वर्ष गुपचूप आधुनिक करून टाकलंय, काहींनी जुनंच ठेवलंय, आणि एकाच संग्रहात दोन्ही प्रकार सापडतात. आधीच दुरुस्त केलेली तारीख तुम्ही पुन्हा दुरुस्त केलीत की चूक उलट्या दिशेने होते. ही चूक पकडणं जास्त अवघड, कारण आपण काळजी घेतली होती या समाधानात आपण असतो. मी यातच अडकले होते, आणि तक्त्यातली एक अख्खी रांग पुन्हा तपासताना जे झालं ते आठवायचंही नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. तक्त्यात तारखेचे दोन रकाने ठेवा. पहिल्यात कागदावर असेल ते अक्षर न् अक्षर, दुसऱ्यात तुमचा निष्कर्ष, आणि शेजारी तो कशावरून काढला ते. वार दिला असेल तर तो जुळवून बघा. राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष लिहिलंय ते मोजा, कारण फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीचं राज्य ३१ मार्च १५४७ ला सुरू झालं, अशा तारखा पाठच हव्यात. फ्रेंच कारकून कधी कधी 'ईस्टरपूर्वी' असं स्वतःच लिहून ठेवतात, त्यांचे मनातल्या मनात आभार माना. ईस्टरचा तक्ता छापून भिंतीवर लावा.

१५८२ नंतरच्या काळात जाणार असाल तर आणखी एक गाठ आहे. त्या वर्षी नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका घेताना फ्रान्समध्ये ९ डिसेंबरनंतर थेट २० डिसेंबर आला. इंग्लंड-स्कॉटलंडने तसं केलं नाही. म्हणून मेरीचा शिरच्छेद इंग्रज कारकुनाच्या लेखी (त्याचंही वर्ष २५ मार्चलाच बदलायचं) ८ फेब्रुवारी १५८६, आजच्या पुस्तकांत ८ फेब्रुवारी १५८७ आणि फ्रेंच हिशेबात १८ फेब्रुवारी १५८७. बाई एकदाच मेली.

घाबरलात? नका घाबरू. हे गणित एकदा हाताला बसलं की बसतं. आणि मोडी वाचलेल्या, शुहूर सन आणि राज्याभिषेक शक या जुन्या कालगणनांशी झटापट केलेल्या मराठी मुलामुलींना हे इथल्या कित्येकांपेक्षा लवकर जमतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाषांचं थोडक्यात. तह लॅटिनमध्ये, पत्रं फ्रेंचमध्ये, खजिन्याचे हिशेब स्कॉट्समध्ये. स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्रजी असं समजून गेलात तर पहिल्याच पानावर तोंडघशी पडाल, पण त्याचा मोठा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे. सोळाव्या शतकातलं अक्षराचं वळण वाचायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे मोफत ऑनलाइन धडे पुण्यात किंवा नागपुरात बसून करता येतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी करा. यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचा मोह होईल. मजकुराचा अंदाज यायला घ्या, पण ते यंत्र तारीख बिनदिक्कत सुधारतं आणि सुधारली हे सांगत नाही.

गाइडबद्दल माझं मत ऐकून काही लोक रागावतात. मोठं नाव बघून गाइड निवडू नका. जो तुमच्याबरोबर अर्धा तास बसून एक पत्र ओळ न् ओळ वाचेल, तो निवडा, मग त्याची पुस्तकं दोन असोत की वीस. पहिल्या भेटीत विचारा, 'तुम्ही मूळ कागद शेवटचा कधी वाचलात?' उत्तर ऐकून काय ते कळेल. आणि 'सगळं काम झालंय या विषयात' असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. मेरीवर खूप झालंय, हे खरं. पण तिची आई, गीझची मेरी, १५३८ पासून १५६० मध्ये मरेपर्यंत स्कॉटलंडमध्ये होती, शेवटची सहा वर्षं राजप्रतिनिधी होती, आणि तिला आलेल्या पत्रांचा मोठा साठा एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बाल्कारेस कागदपत्रांमध्ये आहे. स्कॉटलंडमधल्या फॉकलंडच्या राजवाड्यावर पाचव्या जेम्सने फ्रेंच गवंडी कामाला लावले, त्यांची मजुरी हिशेबांत आहे. राजकन्यांपेक्षा गवंड्यांवर लिहिलंत तर स्पर्धा कमी आणि पुरावा जास्त, एवढं तरी नक्की.

विषय अगदीच ठरत नसेल तर आधी १४२१ ची, फ्रान्समधली बोझेची लढाई घ्या. स्कॉट्स आणि फ्रेंच फौजांनी मिळून तिथे इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ क्लॅरेन्सला मारलं, ते २२ मार्चला, ईस्टरच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये १४२१ लागलं आणि स्कॉटलंडमध्ये आणखी दोन दिवस १४२० च चालू होतं. या लढाईच्या बातम्या कुठे कोणत्या वर्षाखाली नोंदल्या गेल्या हे छापील साधनांतून शोधून एक तक्ता करा आणि तो घेऊन गाइडकडे जा.