दहावीच्या विज्ञान वर्गात शिकताना पाळायचे नियम

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विषयात दोन्ही भागांच्या लेखी परीक्षेला प्रत्येकी ४० आणि प्रात्यक्षिकाला २० गुण असतात, म्हणून प्रयोगवही वर्षाच्या शेवटी एकदम उतरवून काढण्याची सवय विद्यार्थ्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडावी. ज्या दिवशी प्रयोग होईल, त्याच दिवशी निरीक्षणे लिहावीत.

बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर मोजताना एखादे वाचन इतरांपेक्षा वेगळे आले, तर ते खोडून शेजाऱ्याचे वाचन लिहू नये. प्रयोग पुन्हा करावा, पडद्यावरची प्रतिमा खरोखर स्पष्ट होती का ते पाहावे आणि दोन्ही वाचने वहीत ठेवावीत. माझ्या मते सर्व नियमांत हा नियम सर्वांत मोलाचा आहे, कारण प्रामाणिकपणे नोंदवलेल्या चुकीतून कारण शोधता येते, उसन्या आकड्यातून काहीच शोधता येत नाही.

प्रयोगशाळेत केस बांधलेले आणि पायांत बंद बूट असावेत. संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करण्याचे काम शिक्षकांनीच करावे, आणि तेव्हाही आम्ल पाण्यात थोडे थोडे ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये; मिसळताना इतकी उष्णता निर्माण होते की वर ओतलेले पाणी उकळून आम्लासह बाहेर उडू शकते. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड कोणाकडेही नसावे. काच फुटली, तर ती हाताने न उचलता लगेच शिक्षकांना सांगावे. सांगणाऱ्याला शिक्षकांनी रागावू नये.