दिव्यांगत्वावरची एकांकिका बसवताना

अंध पात्राची संहिता हाती आली, की पहिल्याच तालमीत नटाच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचा मोह अनेक दिग्दर्शकांना होतो. पुण्यातल्या महाविद्यालयीन संघांना माझी आग्रहाची विनंती आहे, की ही पट्टी बांधू नये. तिच्यामुळे नटाला कळते ती नुकतीच दृष्टी गेलेल्या माणसाची धांदल. वीस वर्षे पांढरी काठी घेऊन कोथरूडहून स्वारगेटला ये-जा करणाऱ्या माणसाचे कसब त्यात कुठेच नसते. पट्टी सोडल्यावर मनात भीती आणि कीव उरते, आणि पुढे रंगमंचावरही तीच दिसते.

सुरुवात संहितेपासून करावी. जे दिव्यांगत्व नाटकात आहे, ते प्रत्यक्ष जगणाऱ्या एका व्यक्तीला पहिल्या वाचनालाच बोलवावे, तिला मानधन द्यावे आणि वाक्ये बदलण्याचा अधिकारही द्यावा. प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात बोलावून ‘बरोबर आहे ना?’ असे विचारले, तर पाहुणा भिडेखातर होच म्हणतो. एखाद्या संस्थेत तासभर जाऊन चालणे-बोलणे टिपून परतणे मात्र टाळावे, कारण तिथली मुले नटांच्या निरीक्षणासाठी बसलेली नसतात.

पात्राची माहिती नेमकी हवी. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नोंदलेले आहेत आणि त्यांत अंधत्व व अल्पदृष्टी हेही वेगवेगळे धरले आहेत. पात्राला उजेड जाणवतो का, दिव्यांगत्व जन्मापासूनचे आहे की नंतर आलेले, हे ठरल्याशिवाय हालचाली बसवू नयेत.

सहसंवेदना वाढते ती माझ्या मते एका साध्या उत्स्फूर्त प्रवेशातून, आणि त्याला दोन पूर्ण तालमी द्याव्यात. अमृततुल्यच्या टपरीवर तीन माणसे आहेत: चहावाला, व्हीलचेअरवरचे गिऱ्हाईक आणि त्याचा मित्र. चहावाला गिऱ्हाइकाकडे न पाहता मित्राला विचारतो, “यांना साखर चालते ना?” पहिल्या फेरीत मित्र उत्तर देतो, दुसऱ्या फेरीत गिऱ्हाईक स्वतः बोलते, तरी पुढचा प्रश्न पुन्हा मित्रालाच येतो, तिसऱ्या फेरीत मित्राने काहीही बोलायचे नाही. प्रत्येक नटाने तिन्ही भूमिका कराव्यात. नंतर ‘कसे वाटले?’ असे विचारू नये, कारण त्याला ‘फार वाईट वाटले’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘तू कोणते वाक्य गिळलेस?’ असे विचारावे. चहावाल्याच्या भूमिकेतला नट बहुधा सर्वांत जास्त शिकतो, कारण ते वाक्य आपणही कधीतरी बोललो आहोत, हे त्याला त्या क्षणी आठवते.

शरीराचे तपशील त्यानंतर घ्यावेत. अंध व्यक्तीला हात धरून ओढायचे नसते. ती सोबत्याचे कोपर धरून अर्धे पाऊल मागे चालते. व्हीलचेअर हा त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजावा, त्यामुळे सहकलाकाराने सहज म्हणून तिच्यावर हात टेकू नये. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला हातवारा जोडल्याने ती भाषा होत नाही. म्हणून ती कर्णबधिर व्यक्तीकडूनच शिकावी.

शेवटच्या प्रवेशात पात्र बरे होत असेल, किंवा इतरांचे डोळे उघडावेत म्हणून मरत असेल, तर तो प्रवेश पुन्हा लिहावा. संघात अभिनयाची आवड असलेला दिव्यांग विद्यार्थी असेल, तर त्याला या भूमिकेसाठी आधी विचारावे, आणि पुढच्या वर्षी दिव्यांगत्वाशी संबंध नसलेल्या भूमिकेसाठीही विचारावे.

जागा निवडण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन जावे. उताराचे मान्य प्रमाण 1:12 आहे, म्हणजे तीन फूट उंच रंगमंचावर व्हीलचेअर नेण्यासाठी छत्तीस फुटांचा उतार लागतो. तेवढी जागा नसेल, तर प्रयोग रंगमंचावर न करता प्रेक्षकांच्याच पातळीवर, जमिनीवर करावा, आणि तालमीही पहिल्या दिवसापासून तशाच घ्याव्यात.