पळून आलेली बाई आणि तोलणार: अशी प्रेमकथा कशी लिहावी

शिवाजीनगर कोर्टात मी बत्तीस वर्षं लघुलेखक होते. फरार बायकांचे जबाब टिपले आणि घरी येऊन कथा लिहिल्या. नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी हे सांगते.

आधी तिचा गुन्हा ठरवा, तोही रुपये-पैशांत. खून नको, वाचक त्यापासून लांब उभा राहतो. माझ्या कथेतली बाई कराडची. अकरा जणींची भिशी तिच्याकडे होती. भावाचं कर्ज फेडायला तिनं ते पैसे उचलले आणि रात्रीच्या एसटीनं स्वारगेटला उतरली. ‘तिचं मन तिला खात होतं’ असलं काही लिहू नका. झोपताना ती अकरा नावं ओळीनं पुटपुटते आणि चौथ्यापाशी अडते, एवढं पुरे.

तिला आसरा देणारा वकील नको, पत्रकार नको. गुलटेकडीला मार्केट यार्डात भुसार विभागातला तोलणार, म्हणजे धान्याची पोती वजन करणारा, असू दे, पन्नाशीचा, विधुर. स्वारगेटहून यार्ड चालत गाठता येतं, त्यामुळे पहाटे ती तिथं दिसली तर ओढूनताणून वाटत नाही. तो काही विचारत नाही. “ताई, चहा घ्या,” इतकंच. पुढं हे ‘ताई’ कधी गळून पडतं, ते वाचकाला कळू द्या, तुम्ही सांगू नका.

आता कायदा, कारण सगळी कथा त्यावरच उभी आहे. गुन्हेगार आहे हे ठाऊक असून, किंवा तसं मानायला कारण असून, शिक्षेतून वाचवायला आसरा देणं हा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम २४९, १ जुलै २०२४ च्या आधी दंड संहितेचं २१२. ‘ठाऊक असून’ याखाली रेघ मारा. ती गप्प आहे आणि त्याला संशयाला कारण नाही, तोवर तो सुटा. तिनं खरं सांगितलं की तोही अडकला. तिला बोलायचंय, पण त्याच्यावर जीव जडलाय म्हणूनच बोलता येत नाही. शिवाय याच कलमात नवरा-बायकोला सूट आहे. म्हणून त्यानं लग्नाचं विचारायचं ते तिच्या कबुलीच्या आधी. नंतर विचारलं तर प्रेम की पळवाट, हा संशय तिला जन्मभर पोखरेल. माझ्या पहिल्या खर्ड्यात हीच चूक होती, कथा तिथंच मेली.

पोलिसांत हजर व्हायचं ती संध्याकाळी ठरवते. अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक करता येत नाही. त्यामुळे दोघांच्या हाती एक रात्र उरते. तिथं शपथा नकोत. तो बाजरीची भाकरी थापतो, ती वांगी चिरते. पलीकडच्या खोलीतून ती नावं त्यानं रोज ऐकलेली असतात. तव्यावरची भाकरी उलटता उलटता तो विचारतो, “चौथी कोण गं?”