रायफलच्या पुंगळ्यांसाठी साइझिंग डाय कशी निवडावी

साइझिंग डाय म्हणजे झाडलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी दाबून मापात आणणारा साचा. ती विकत घेण्याआधी आपल्या रायफलमधून झाडलेल्या चार-पाच पुंगळ्या मोजून घ्या. डायच्या खोक्यावर काडतुसाचं नाव एकच असलं तरी प्रत्येक रायफलचं चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, थोडं वेगळं असतं, आणि डाय त्या चेंबरच्या हिशोबाने निवडायची असते.

बार झाला की पितळेची पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि दाब उतरल्यावर किंचित आत येते. ती पुन्हा भरायची तर धड थोडं बारीक व्हायला हवं, खांदा मागे सरकायला हवा आणि गोळी धरण्याइतकी मान आवळायला हवी. कोणती डाय यातलं किती करते, एवढंच निवडताना पाहायचं. गरजेपेक्षा जास्त दाबलेली पुंगळी पुढच्या बाराला तितकीच जास्त ताणली जाते, कडक होते आणि लवकर तडकते.

पहिली डाय फुल-लेंग्थच, म्हणजे धड, खांदा आणि मान तिन्ही घडवणारी घ्यावी. नेक डाय फक्त मान आवळते, त्यामुळे पुंगळी जास्त टिकते हे खरं. पण धड आणि खांदा तसेच राहतात. काही बारांनंतर बोल्ट जड लागू लागतो आणि शेवटी फुल-लेंग्थ डाय लागतेच. पुढचं काडतूस आपोआप आत घेणाऱ्या सेमी-ऑटो रायफलमध्ये तर नेक डायचा विचारही नको. तिथे काडतूस दर वेळी अडखळल्याशिवाय पूर्ण आत बसलं पाहिजे. स्मॉल-बेस डाय बुडाजवळ जरा जास्त आवळते. साधी फुल-लेंग्थ डाय नीट लावूनही काडतूस चेंबरमध्ये अडत असेल तरच ती घ्या, कारण पुंगळीचं आयुष्य ती कमी करते.

मानेच्या बाबतीत डायमध्ये खरा फरक दिसतो. साध्या डायमध्ये मान आधी बरीच आवळली जाते आणि बाहेर येताना एक्स्पांडर बॉल तिला आतून पुन्हा रुंद करतो. मान आतून कोरडी असेल तर हा बॉल तिला ओढून लांबवतो, कधी वाकडीही करतो. ब्रशने मानेच्या आत थोडं वंगण लावलं तर बहुतेक त्रास जातो. बुशिंग डायमध्ये मान आवळणारी कडी (बुशिंग) बदलता येते, म्हणून हवी तेवढीच मान आवळता येते. भरलेल्या काडतुसाची मान बाहेरून मोजा आणि त्यापेक्षा ०.००२ इंच लहान बुशिंग घ्या. .३०८ विंचेस्टरची भरलेली मान ०.३३६ इंच असेल तर बुशिंग ०.३३४ ची. सेमी-ऑटोला ०.००३ इंच फरक ठेवा, कारण मॅगझिनमधून आत जाताना गोळीला धक्के बसतात. मात्र मानेचं पितळ एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ असेल, तर बुशिंग ती असमानता आतल्या बाजूला ढकलते. अशा पुंगळ्यांवर बुशिंग डायचा जादा खर्च वाया जातो. कॉलेट नेक डाय मानेला आतल्या दांड्यावर दाबते. तिला वंगण लागत नाही आणि मान सरळ राहते, पण ती खांद्याला हात लावत नाही. म्हणून तिच्या जोडीला धड आणि खांदा घडवणारी बॉडी डाय घ्यावी लागते.

डाय कोणतीही असो, ती प्रेसमध्ये (पुंगळी डायमध्ये दाबणाऱ्या यंत्रात) किती खाली बसवली यावर सगळं ठरतं. सोबतच्या कागदावर डाय शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवून आणखी थोडा फेरा खाली द्या असं लिहिलेलं असतं. त्याने काम होतं, पण बऱ्याच रायफलमध्ये खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जातो. त्यापेक्षा मोजून लावा. झाडलेल्या पुंगळीच्या बुडातला प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) काढा, नाहीतर त्याचा उंचवटा मापात येतो. कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर ठरावीक जागी टेकणारा जोड) लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या. डाय शेल होल्डरला टेकवून अर्धा फेरा वर घ्या, वंगण लावलेली पुंगळी दाबा आणि पुन्हा मोजा.

इथे पुष्कळ जण गोंधळतात, कारण माप आधीपेक्षा वाढलेलं दिसतं. डाय बिघडलेली नसते. धड आवळलं गेलं की पितळ पुढे सरकतं, आणि खांद्याला डाय अजून टेकलेलीच नसते. आता डाय थोडी थोडी खाली घ्या. नेहमीच्या डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात डाय ०.०७१ इंच सरकते आणि ०.००२ इंचासाठी फक्त १० अंश पुरतात. डाय आणि प्रेसवर पेनाने खूण केली की हे फिरवणं सोपं जातं. बोल्ट-ॲक्शनमध्ये खांदा झाडलेल्या मापापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच मागे हवा, सेमी-ऑटोमध्ये ०.००३ ते ०.००५. माप जुळलं की रिकामी पुंगळी डायमध्ये दाबलेली असतानाच डाय पक्की करणारी लॉक रिंग आवळा. त्याने डाय मध्यावर बसते. डाय शेल होल्डरला टेकूनही खांदा पुरेसा मागे जात नसेल, तर शेल होल्डरची उंची तपासा. वेगळ्या कंपनीचा शेल होल्डर लावला की माप बदलू शकतं, म्हणून डाय आणि शेल होल्डरची जोडी मोडू नका.

खांदा दर वेळी जास्त मागे ढकलला तर बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. बाहेर चकाकती रिंग दिसते आणि पुढे पुंगळी तिथूनच तुटू शकते. तारेच्या टोकाला छोटा आकडा करा, तो आतून भिंतीवर बुडाकडून वर ओढा. तार खाचेत अडकली तर ती पुंगळी फेकून द्या.

वंगण धडावर पातळ लावा. जास्त झालं तर ते खांद्यावर साचून खळगे पाडतं, कमी पडलं तर पुंगळी डायमध्येच अडकते. मग बुडाला भोक पाडून, त्यात आटे पाडून, बोल्टने ओढावी लागते. रायफलची डाय कार्बाइडची असली तरी बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला वंगण लागतंच. जुना प्रायमर ढकलून काढणारी डिकॅपिंग पिनही बघून घ्या. काही पुंगळ्यांचं फ्लॅश होल (प्रायमरची ठिणगी आत जाण्याचं भोक) नेहमीच्या २ मिमीऐवजी १.५ मिमीचं असतं, त्यात जाड पिन अडकते किंवा मोडते. दोन भोकांच्या बर्डन पुंगळ्या या डायमध्ये घालूच नका.

एकाच काडतुसाच्या दोन रायफली असतील तर पुंगळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. ते जमत नसेल तर डाय लहान चेंबरच्या रायफलप्रमाणे लावा. दुसरीत पुंगळ्या लवकर थकतील, पण काडतूस दोन्हींत बसेल.