फ्युजनवर बोलताना या चुका टाळा

पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात अणुसंमीलनावरचं, म्हणजे फ्युजनवरचं (हलकी अणुकेंद्रकं जुळवून ऊर्जा मिळवण्यावरचं) व्याख्यान ऐकायला गेले होते. वक्ते अभ्यासू, मांडणी सुरेख. शेवटी पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. "मग ही वीज आमच्या घरी कधी येणार?" "पंधरा-वीस वर्षांत," वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या, आजींनी आकडा वहीत टिपून घेतला. तो आकडा मला अजून खुपतो.

नुसतं साल सांगणं. 1955 साली जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभांनी दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल, असं भाकीत केलं होतं. फ्रान्समधल्या इटर या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक संमीलन यंत्रात पहिला प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) 2025 मध्ये अपेक्षित होता. आता तिथलं संशोधन 2034 ला आणि ड्युटेरियम-ट्रिटियम या इंधनाचे (हायड्रोजनच्या जड रूपांचे) प्रयोग 2039 ला सुरू करायचं ठरलंय. शिवाय इटर वीज बनवणारच नाही. म्हणून साल सांगायचंच तर आधी काय काय जमायला हवं तेही सांगा: न्यूट्रॉनचा मारा सोसणारी भिंत, भट्टीतच लिथियमपासून तयार होणारं ट्रिटियम.

"घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळाली." सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 5 डिसेंबर 2022 ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या प्रयोगशाळेत लेझरनं 2.05 मेगाज्यूल ऊर्जा इंधन असलेल्या इवल्या लक्ष्यावर टाकली आणि 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. हे खरंच मोठं यश होतं. पण ते लेझर चालवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल घ्यावे लागले. व्याख्यानानंतर आजींच्या वहीत मी हिशेब मांडला. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. म्हणजे खर्च झाली 83 च्या आसपास युनिटं, हाती आलं एकही पुरं नाही. आजींना दोन मिनिटांत समजलं. श्रोत्यांना झेपणार नाही म्हणून हा भाग गाळू नका.

"कचरा शून्य." आजच्या अणुभट्ट्यांसारखं हजारो वर्षं सांभाळावं लागणारं वापरलेलं इंधन उरत नाही, हे खरं. पण न्यूट्रॉनमुळे यंत्राचे भाग किरणोत्सारी होतात, तेही त्याच वाक्यात सांगा.

"हे कधीच होणार नाही." ही उलट्या टोकाची चूक. ब्रिटनमधल्या जेट या संमीलन यंत्रानं 1997 मध्ये एका प्रयोगात 22 मेगाज्यूल दिले, 2021 मध्ये 59, 2023 मध्ये 69. गांधीनगरला आदित्य टोकामॅक (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडून ठेवणारं यंत्र) 1989 पासून आहे. मुलांना हे जरूर सांगा, त्यांतूनच कुणी तिकडे जाईल.

चुकीचा आकडा बोलून गेला असाल, तर पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्या दुरुस्तीनं करा. आजी वही घेऊन येतीलच.